‘मी कुठंही राहीन’ म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा

नोकरी एकाची असते, गाव मात्र सगळ्या घराचं बदलतं. मग घर कुठे घ्यायचं हे एकट्यानं का ठरवायचं? उद्या जॉइनिंग लेटर हातात घेऊन हा निर्णय तुम्हालाच घ्यायचाय, म्हणून आत्ताच बोलूया.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. आवाजातच कळत होतं की गडी खूश आहे. ‘‘फ्लॅट सापडला! ऑफिसपासून फक्त दहा मिनिटं. सतरावा मजला, खाली जिम, स्विमिंग पूल. आई-बाबांना सांग, बॅगा भरायला घ्या.’’

दादाला हैदराबादला नोकरी लागलीये. बाबा आता रिटायर होतायत, त्यामुळे दोघांनाही तिकडेच न्यायचं असं त्याच्या मनात आहे. मुलगा आई-बाबांना सोबत नेतोय, तेही मोठ्या शहरात, चांगल्या सोसायटीत. यात वाईट काय? नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अभिनंदनाचे फुलं-हार पडायलाही लागले.

मी मात्र ‘दहा मिनिटं’ या दोन शब्दांवरच अडकले. कारण हे दोन शब्द मी आधी ऐकलेत. २०१७ मध्ये. तेव्हा ते बाबा बोलले होते.

चाकणची दहा मिनिटं

आम्ही मूळचे सोलापूरचे. बाबांना चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझरची नोकरी लागली तेव्हा मी नववीत जाणार होते. पगार जवळजवळ दीडपट. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बाबा पुढे जाऊन घर बघून आले आणि म्हणाले, ‘‘कंपनीपासून दहा मिनिटं. भाडं साडेसात हजार. इमारत नवी आहे, लिफ्ट आहे.’’ आई म्हणाली, ‘‘तुम्ही ठरवाल ते.’’ आजी म्हणाली, ‘‘माझं काय बाई, मी कुठंही राहीन.’’ मीही ‘चालेल’ म्हणाले. दादा तर इंजिनीअरिंगला हॉस्टेलवर निघालेला, त्याला विचारायचं कारणच नव्हतं.

झालं. एका माणसाचा दिवस बघून चार माणसांचं घर ठरलं.

आता चाकण कुणी बघितलंय का? पुणे-नाशिक हायवे आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हे गाव. आजूबाजूला एमआयडीसी, दिवसरात्र कंटेनर. गावात बाजार आहे, देऊळ आहे, सगळं आहे. पण आमची इमारत गावात नव्हती. ती कंपनीजवळ होती! खाली उतरलं की हायवेला जाणारा धुळीचा रस्ता, पुढे एक टपरी, एक हार्डवेअरचं दुकान. भाजी आणायची तर बाबांच्या गाडीवर किंवा शेअर रिक्षानं. बिल्डिंगमध्ये निम्मे फ्लॅट शिफ्टला जाणाऱ्या पोरांनी मिळून घेतलेले. सकाळी कुलूप, रात्री कुलूप.

सोलापुरात आई ब्लाऊज शिवायची. फॉल-पिको करायची. आमचं घर पूर्व भागाच्या कडेला, त्यामुळे निम्म्या गिऱ्हाइकांशी ती चक्क तेलुगूत घासाघीस करायची. गौरी-गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत आमच्याकडे जेवायला जागा नसायची, इतके कपडे पडलेले असायचे. चाकणला शिलाई मशीन ट्रकमधून आलं, खिडकीजवळ लागलं आणि तसंच राहिलं. गिऱ्हाईक चौथा मजला चढून येणार कुठून? आधी त्या मशीनवर कापडाचा एक तुकडा टाकला, मग इस्त्रीचे कपडे, मग माझं दप्तर. सहा महिन्यांत ते टेबल झालं होतं.

आजीचं तर विचारूच नका. सोलापूरला तिचा दिवस ओट्यावर जायचा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून पुढे. चाकणला ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. खाली ट्रक. मी शाळेतून आले की रोज विचारायची, ‘‘काय गं, आज कोण आलं होतं का?’’ घरात दिवसभर तीच असायची आणि विचारायची मला. आठ महिन्यांनी ती म्हणाली, गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जाऊन येते. पुणे स्टेशनवरून संध्याकाळच्या हुतात्मानं तिला काकाकडे पाठवलं. यात्रा संपली, पण ती आली नाही.

आणि बाबा? बाबा दहा मिनिटांत घरी यायचे. दमलेले असले तरी वेळेवर. त्यांना खरंच कळत नव्हतं की घरात सगळे एवढे चिडलेले का असतात. आईनं दोन वर्षांत कितीदा तरी म्हटलं, ‘‘अहो, जरा वस्तीत घर बघूया का?’’ त्याला आमच्या घरात नाव होतं ‘कटकट’.

मग माझी दहावी झाली. मला आर्ट्सला जायचं होतं, आवडलेलं कॉलेज चिंचवडला. दोन बस बदलून जायचं आणि दोन बदलून यायचं. बाबांनी एक दिवस माझ्यासोबत तो प्रवास केला आणि त्याच आठवड्यात घर बघायला सुरुवात केली. आम्ही निगडीला आलो. आईच्या दोन वर्षांच्या सांगण्यानं जे झालं नाही, ते माझ्या ७८ टक्क्यांनी केलं. याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आता तो आठवला की थोडी लाज वाटते.

खरा धक्का तर पुढे आहे. निगडीला राहायला आलो आणि कळलं की बाबांच्या कंपनीची बस निगडीवरून जाते. पहिल्यापासून जायची. बाबांनी २०१७ मध्ये कुणाला विचारलंच नव्हतं, कारण ‘कंपनीपासून किती लांब’ याच्या पलीकडे दुसरा प्रश्नच डोक्यात नव्हता.

निगडीत भाडं साडेतीन हजारांनी वाढलं. बाबांचा प्रवास दहा मिनिटांवरून पाऊण तासावर गेला, ट्रॅफिक असेल तेव्हा सव्वा तास. पण आई दुसऱ्याच आठवड्यात भाजी मंडईतून येताना दोन ब्लाऊजची ऑर्डर घेऊन आली. वर्षभरात वाढलेलं भाडं तिच्या मशीननं भरून काढलं. आम्ही आजीला फोन केला, ‘‘आता ये, इथे सगळं जवळ आहे.’’ ती म्हणाली, ‘‘नको गं. आता परत नव्यानं सुरुवात नको.’’

ती शेवटपर्यंत आली नाही. घर चुकलं तर बदलता येतं, असं सगळे म्हणतात. येतं की. पण त्या चुकीत जे माणूस निघून जातं ते परत येईलच असं नाही.

‘कुटुंबासोबत आले’

जनगणनेच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुम्ही इथे राहायला का आलात? २०११ च्या जनगणनेत त्याची ठरावीक उत्तरं होती. काम-नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न वगैरे. त्यातलंच एक ‘कुटुंबासोबत आले’. बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण अर्थातच लग्न. पण मला हा ‘कुटुंबासोबत’वाला रकाना जास्त बोलका वाटतो. माझी आई, आजी, मी, सगळे त्या एका रकान्यात मावतो. आम्ही कुठून निघालो, काय सोडून आलो, याला तिथे जागा नाही. आम्ही सामानासारखे मागून आलो.

आणि ही फक्त सरकारी फॉर्मची गोष्ट नाही. आपल्या घरातही तेच चालतं. नोकरी ज्याची, त्याचा नकाशा. गुगल मॅपवर ऑफिस टाकायचं, त्याभोवती गोल काढायचा, गोलात बजेटमध्ये बसेल तो फ्लॅट. बाकीच्यांनी ‘अॅडजस्ट’ करायचं. त्यात आईचं काम ‘घरबसल्या’ असेल तर ते कुठेही होईल असं आपण गृहीतच धरतो. पण शिवणकाम, ट्यूशन, डबे, पार्लर ही कामं घरबसल्या नसतात. ती वस्तीबसल्या असतात. वस्ती गेली की काम गेलं.

मग लांब राहायचं का?

नाही. मी असं अजिबात म्हणत नाहीये. रोजचा प्रवास माणसाला खातो, हे मी बाबांकडे बघून सांगू शकते. सेकंड शिफ्ट संपवून ते रात्री उशिरा यायचे तेव्हा बसमध्येच निम्मी झोप झालेली असायची. ब्रुनो फ्रे आणि आलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांच्या माहितीवरून यावर अभ्यास केलाय. त्यांचं म्हणणं असं की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात आणि चांगलं घर किंवा जास्त पगार मिळूनही त्याची भरपाई होत नाही. याला त्यांनी ‘कम्युटिंग पॅरॅडॉक्स’ म्हटलंय. म्हणजे माणूस घर घेताना प्रवासाचा त्रास कमी धरतो आणि घराचं सुख जास्त.

त्यामुळे बाबांचा पाऊण तास फुकटचा नव्हता. तो त्यांनी दिला. माझा मुद्दा एवढाच आहे की चाकणला असताना आई आणि आजीही काहीतरी देतच होत्या. बाबांचा पाऊण तास घड्याळात दिसतो, आजीचा गॅलरीतला दिवस दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो हिशेबात येत नाही.

दुसरी गोष्टही मान्य करते. निवड करता येणं ही सुद्धा चैन आहे. चाकणच्या आमच्या इमारतीतली शिफ्टवाली पोरं एका खोलीत पाच-सहा जण राहायची. त्यातल्या काहींची बायका-मुलं मराठवाड्यात, विदर्भात, बिहारमध्ये. त्यांना ‘घर कुठे घ्यावं’ हा प्रश्न पडण्याइतका पगारच नव्हता. पण ज्यांना दोन पर्याय आहेत, त्यांनी तरी दुसऱ्याकडे बघावं ना. आमच्याकडे होता आणि आम्ही बघितला नाही.

एक कागद घ्या

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून सेकंड इयरला, आम्हाला कशाला हे? तर मंडळी, दोन कारणं. एक, तुमच्या घरात आई-बाबांची बदली आत्ता होऊ शकते आणि तेव्हा ‘चालेल’ म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालणारे तुम्हीच असाल. मी तेच केलं होतं. दोन, तीन-चार वर्षांत जॉइनिंग लेटर तुमच्या हातात असेल आणि त्यावर हिंजवडी, बेंगळुरू, नोएडा असं काहीतरी लिहिलेलं असेल. तेव्हा तुम्ही घरातले ‘बाबा’ असाल.

म्हणून मी दादाला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. एक कागद घ्या. डावीकडे घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. पुढे तीन रकाने करा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात. या वेळी हा माणूस कुठे असेल, तिथे कसा जाईल, कुणाशी बोलेल? दुपारी एकच्या रकान्यात एखाद्याच्या नावापुढे ‘घरी’ याशिवाय काहीच लिहिता येत नसेल, तर तिथे थांबा. ते घर त्या माणसासाठी नाहीये.

माझी कसोटी एकच आहे. हा माणूस कुणालाही न सांगता, कुणाच्या गाडीवर न बसता, घराबाहेर पडून काय काय करू शकतो? दूध आणू शकतो? दवाखान्यात जाऊ शकतो? देवळात, वाचनालयात, नुसतंच कट्ट्यावर जाऊन बसू शकतो? आई गाडी चालवत नसेल तर तिच्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, चालण्यात मोजा.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रविवारी दुपारी हिंजवडीचा रस्तासुद्धा छान दिसतो! सोमवारी सकाळी नऊला जा, एकदा रात्री आठला जा. वॉचमनला विचारा, मे महिन्यात पाण्याचे टँकर किती येतात आणि त्याचे पैसे कुणाकडून घेतात. पुण्याच्या कडेची कितीतरी गावं २०१७ मध्ये आणि मग २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण पत्त्यात ‘पुणे’ लागलं म्हणजे नळाला पाणी लागलं असं होत नाही. ब्रोकर म्हणेल, मेट्रो येतेय, मॉल येतोय, रस्ता होतोय. आज जे आहे त्यावर घर घ्या. जे येणार आहे ते आलं की बोनस.

धाकटं भावंडं शाळेत असेल तर त्याचा कागद आधी. आठवीपर्यंतच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळेच्या खिडकीवर ‘दाखला आणा मग बघू’ म्हणाले तर हे माहीत असू द्या. दहावीतलं कुणी असेल तर अकरावीचा विचार आत्ताच करा. आता सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात, त्यामुळे कॉलेजांची यादी भरताना घर कुठे असणार हे माहीत असलेलं बरं.

आणि पहिल्याच वर्षी घर विकत घेऊ नका, प्लीज. आधी भाड्यानं राहा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. अकरा महिन्यांत सगळे ऋतू कळतात, शेजारी कळतात आणि मुख्य म्हणजे घरातलं कोण गप्प होत चाललंय तेही कळतं.

दादाचं काय झालं?

भांडण झालं. दुसरं काय! तो म्हणाला, ‘‘अगं, तू हे पेपरात लिहितेस तसं बोलतेयस. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये मी बसणार आहे, तू नाही.’’ बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, ‘‘आणि रोज बारा तास सतराव्या मजल्यावर आई बसणार आहे, तू नाही.’’ दादाची काही चूक नाही. चाकणची ती दोन वर्षं तो हॉस्टेलला होता. दिवाळीला यायचा तेव्हा घर भरलेलं असायचं. त्याला ते मशीनचं झालेलं टेबल कधी दिसलंच नाही.

शेवटी आई स्वतः चार दिवस हैदराबादला जाऊन आली. गच्चीबावलीचा फ्लॅट तिला आवडला, खरंच आवडला. ‘‘हॉटेलसारखा आहे,’’ म्हणाली. मग दादाला घेऊन ती कुकटपल्लीला गेली. तिथे मेट्रो आहे, बाजार आहे, रस्त्यावर माणसं आहेत. हायटेक सिटी तिथून फार लांब नाही, पण दहा मिनिटांचं नक्कीच नाही. एका टेलरिंगच्या दुकानापाशी आई थांबली आणि आतल्या बाईंना म्हणाली, ‘‘बागुन्नारा?’’ पुढची वीस मिनिटं दादा बाहेर उभा. पूर्व भागातलं तेलुगू इतक्या वर्षांनी बाहेर पडत होतं! त्यानं मला फोटो पाठवला. खाली एकच ओळ, ‘तुझा कागद पाठव.’

कागद भरताना आईचे तिन्ही रकाने भरले. दादाचे भरले. बाबांशी आलो तर बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, ‘‘माझं काय, मी कुठंही राहीन.’’

मी आणि आई एकमेकींकडे बघितलं. शब्दाला शब्द आजीचं वाक्य!

म्हणून मी टीव्ही बंद केला आणि परत विचारलं. ‘‘बाबा, कुठंही नाही. नीट सांगा. सकाळी उठून काय करणार?’’ बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एवढी वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग हळूच म्हणाले, ‘‘चालायला एखादी सपाट बाग असेल तर बघा. आणि सकाळी मराठी पेपर मिळाला पाहिजे.’’

इतकंच. पण ते दुसऱ्यांदा विचारल्यावर आलं. पहिल्यांदा विचारलं की आपली माणसं आपल्याला त्रास नको म्हणून उत्तर देतात. त्यांना काय हवंय ते दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात. आजीला आम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिनं नक्की सांगितलं असतं, ‘एक ओटा बघा.’

घर अजून ठरलेलं नाही. दादा सध्या कुकटपल्लीत मराठी पेपर कुठे मिळतो ते शोधतोय.

तुमच्या घरात पुढच्या वेळी नकाशा उघडला जाईल तेव्हा ‘चालेल’ म्हणणारं, ‘कुठंही राहीन’ म्हणणारं कोण आहे ते बघा. आणि त्या माणसाला पुन्हा एकदा विचारा.